बाईंची परखी

टरबूज घेताना बाई ते कधी वाजवून बघत नसत. तुम्ही-आम्ही कसं, कानाशी धरतो, टिचक्या मारतो आणि आतून कुणीतरी "या, बसा" म्हणणार असल्यासारखा चेहरा करतो. बाई स्टेशन रोडच्या गाड्यापुढं स्कूटर उभी करायच्या, एक हात कमरेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुकडा काढून दाखव."

गाडेवाला सुरीनं तिकोनी फोड काढायचा आणि टोकावर नाचवायचा. लालभडक. दुसऱ्या कुणीही लगेच पिशवी पुढं केली असती. बाई टरबूज हातानं फिरवायच्या. "आता हिकडून."

"म्याडम, टरबूज हाय का इहीर? किती भोकं पाडू?"

"एकच अजून. ऊन काय चहूबाजूंनी बराबर लागतं का त्याला?"

दुसऱ्या बाजूनं फोड पांढरट निघाली तरी बाई तेच टरबूज स्कूटरवर पायाशी ठेवून घरी न्यायच्या. भोक पाडायला आपण सांगितलं, मग ते गाडेवाल्याच्या गळ्यात कसं मारायचं? त्यामुळं जालन्यात सर्वांत जास्त फिकं टरबूज कुणाच्या घरी खाल्लं गेलं असेल, तर ते बाईंच्या.

बाई म्हणजे सोनोग्राफीच्या डॉक्टर. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडं एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना होता. जिना अरुंद, वर एक लांब बाकडं, एक माठ, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत ते यंत्र. बाई मूळच्या अंबडकडच्या. वडील मेंढरं राखणारे. लेक डॉक्टर होऊन आली तरी म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं घोंगडं काही उतरलं नव्हतं, आणि बाईंनाही ते उतरवायची गरज वाटत नसे.

बाईंची एक खोड पेशंटला भारी खटकायची. पोटात गाठ नसली तरी त्या "गाठ न्हाई" असं कधी म्हणायच्या नाहीत. "मला दिसली न्हाई," असं म्हणायच्या. माणूस खर्च करून, एसटीचे धक्के खाऊन वाटूरवरून आलेला, त्याला छातीठोक उत्तर पाहिजे. एकदा एक पाटील चिडले. "दिसली न्हाई म्हंजे? हाय का न्हाई ते सांगा की!" बाई हात पुसत म्हणाल्या, "पाटील, तुमच्या मळ्यात साप न्हाई म्हणून लिहून देता का?" पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग मीबी देत न्हाई. मला आज दिसला न्हाई, एवढं देते."

आता माझं सांगतो. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीच्या दुकानावर माल पारखायला होतो. पोत्यात खुपसायची एक पोकळ, टोकदार सळई असते. तिला परखी म्हणतात. ती पोत्यात घालायची, फिरवायची, ओढून काढायची. पन्हाळीत पोटातलं धान्य येतं. तळहातावर घेऊन सांगायचं, माल कसा आहे. ह्या कामात माझं नाव होतं. बाकी सगळ्या कामांत माझी फजिती ठरलेली, हे आमच्या मंडळींचं मत. त्या मताला पुढं जो पुरावा मिळाला, तो मीच पुरवला.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. एके दिवशी लघवीला लाल झालं. मी ठरवलं, बीट खाल्लं असेल. दोन दिवसांनी परत लाल. परत बीट. शेवटी मंडळींना कळलं.

"बीट?" ती म्हणाली. "आपल्या घरात बीट आणलं कोणी? मी तर लग्नापासून आणलं न्हाई."

औरंगाबादच्या सर्जनकडं नेलं. त्यांनी दुर्बीण घालून लघवीची पिशवी आतून पाहिली, आतून चिमूटभर तुकडाही घेतला. तो साधा निघाला. पण पिशवीच्या वरच्या टोकाला फुगवटा होता. सर्जन म्हणाले, "गाठ भिंतीच्या जाडीत आहे. आतून ती नीट हाताला लागत नाही. पोटावरून सुई घालून, सोनोग्राफीत बघत बघत तुकडा काढावा लागेल. तो काय निघतो त्यावर ठरेल. नुसता कोपरा कापायचा, की सगळी पिशवी काढून पोटावर थैली लावायची, की काहीच करायचं नाही." आणि वर म्हणाले, "त्यासाठी इथं कशाला थांबता? तुमच्या जालन्यातच एक बाई हे काम चांगलं करतात."

थैली हा शब्द ऐकल्यावर बाकीचं मला ऐकूच आलं नाही. मोंढ्यात पोटावर थैली लावून फिरणारा पारखी! हमालांनी तिलाही परखी लावून बघितली असती.

बाईंकडं जायचं तर लघवी तुंबवून जायचं, असं सांगितलेलं. पिशवी पाण्यानं फुगली म्हणजेच पडद्यावर स्पष्ट दिसते. मी घरून बरोबर भरून निघालो. पण जिन्याखाली आलो आणि लहानपणची शिकवण आठवली, की मोठ्या माणसापुढं जाताना मोकळं होऊन जावं. मी मागच्या भिंतीकडं गेलो, मोकळा झालो, आणि केस नीट करून वर गेलो.

बाईंनी यंत्र पोटावर फिरवलं. "भाऊ, पिशवी कुठंय?"

"हितंच असंल म्याडम. घरून आणली होती."

"रिकामी हाय ही. पाणी प्या. बाहेर बसा."

मी माठापाशी बसलो आणि पीत सुटलो. वेळेवर बोलावणं आलं असतं तर सगळं ठीक झालं असतं. पण आत एक गरोदर पोरगी गेली, ती लवकर बाहेर येईना. मला राहवेना. मी गेलो. परत आलो तर बाई दारात उभ्या. "या, भाऊ." मी मान खाली घातली. "तळं भरायचं आन् फोडायचं, दिवसभर हेच करून राह्यले का तुम्ही?"

तिसऱ्यांदा पाणी पिऊन मी बाकड्यावर बसलो तेव्हा ह्या विषयातला जाणकार झालो होतो. शेजारी एक म्हातारा येऊन टेकला. पटका, घोंगडं, काठी. आजारी दिसत होता. म्हणजे मला दिसला. मी पेला भरून दिला. त्यानं तो निमूट प्याला. मी दुसरा दिला. तोही गेला. "बाबा, धरून ठेवायचं," मी समजावलं. "कितीबी वाटलं तरी सोडायचं न्हाई. मी सोडलं आन् फसलो." पुढचा पेला हातात घेऊन म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, हितं अशीच रीत हाय का हो, आल्यागेल्याला पानी पाजायची? मी आपला पोरीला भाकर द्यायला आल्तो."

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. "बाबा, तुम्ही हितं कशे बसले?" म्हातारा उठून घाईघाईनं जिना उतरला. कुठं गेला ते मला बिलकुल विचारावं लागलं नाही. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबायला त्यांना त्रास झाला, एवढं मी शपथेवर सांगतो.

सुईच्या दिवशी मी शहाण्यासारखा भरलेला गेलो. बाईंनी जागा बधिर केली. सुई लांब होती, तिला मागं खटका होता. "टक आवाज होईल. हालायचं न्हाई." मी मान वळवून पडद्याकडं पाहत होतो. राखाडी ढग, मधे काळं तळं, तळ्याच्या काठावर एक ढेकूळ. आणि माझ्यातला पारखी जागा झाला.

"म्याडम, काठानं घेऊ नका. मधून घ्या. व्यापारी चांगला माल काठाला लावतो."

"भाऊ, मी येते का मोंढ्यात तुम्हाला शिकवायला?"

"न्हाई, पण..."

"बोलले की पोट हालतं."

नेमका त्याच वेळी मला खोकला आला. भीतीनं येतो तो. टक झालं. बाईंनी सुई बाहेर काढली. सुईत शेवईच्या बारक्या तुकड्याएवढं काहीतरी आलं. ते बाटलीत घातलं, आणि माझा भाचा ती बाटली एसटीनं औरंगाबादला देऊन आला.

निकालही भाच्यानंच आणला. बाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या. इंग्रजी माझं आठवीतच सुटलेलं. पण कागदावर मधोमध एक "नो" होता आणि तो माझ्या ओळखीचा होता. पुढचा लांबलचक शब्द कोणता का असेना, त्याच्या आधी "नो" आहे ना? भागलं! मी थेट मिठाईच्या दुकानात गेलो.

मोंढ्यात पेढे वाटले. कुणी विचारलं कशाचे, तर मी म्हणायचो, "खा की राव, कारण कशाला?" आजार लपवलेला, मग कारण काय सांगणार? पण लोकांना कारण लागतं. कुणीतरी मला सोनोग्राफीच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं. पेढे आणि सोनोग्राफी, ह्याची बेरीज मोंढ्यात एकच होते. तिन्हीसांजेपर्यंत आमच्या घरी या वयात पाळणा हलणार अशी बोलवा झाली. शेजारणी ओटी भरायची बोलणी करायला आल्या. मंडळींनी दार लावून घेतलं आणि आतून जे बोलली, त्यातलं "तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई" एवढंच लिहिण्यासारखं आहे.

एक पुडा मी निकालाच्या कागदासकट बाईंच्या दवाखान्यातही ठेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात स्कूटर आली. बाई उतरल्या. हातात तोच पुडा, दोरी न सोडलेला. त्यांनी तो ज्वारीच्या थप्पीवर ठेवला. भोवती हमाल जमले. डॉक्टरीणबाई मोंढ्यात कशाला, हे बघायला कोण थांबणार नाही?

"भाऊ, ह्या पोत्यात परखी घाला."

मी घातली. काढली.

"काय निघालं?"

"ज्वारी."

"किडकी?"

"न्हाई. चांगली हाय."

"मंग पोतं पास?"

"एका परखीवर कसं पास करता, म्याडम? काठाला लागली असंल तर... पोटात काय हाय ते..." परखी हातात तशीच.

एका हमालाला वाटलं सौदा फिसकटतोय. तो म्हणाला, "म्याडम, घ्या बिनघोर, एक नंबर माल हाय."

बाईंनी त्याच्याकडं पाहून मान हलवली आणि माझ्याजवळ सरकल्या. आवाज खाली आणला. माझा आजार मी लपवलाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. "माझी सुई कडेला लागली, भाऊ. तुकड्यात पिशवीचं साधं मांस आलं. गाठीचं आलंच न्हाई. कागदावर लिवलंय, ह्या तुकड्यात वाईट काही दिसलं न्हाई. गाठीबद्दल त्यात काहीच न्हाई. परत करावं लागंल."

मला वाटतं, तुम्ही डॉक्टर पुष्कळ पाहिले असतील. स्वतःच्या पायानं बाजारात येऊन "माझी सुई चुकली" म्हणणारा किती पाहिला? आणि तेही मान ताठ ठेवून. खोकल्याचं त्यांनी नावही काढलं नाही.

मी मात्र म्हणालो, "म्याडम, पेढे वाटून झाले."

"पेढे परत मागा म्हणून मी कुठं म्हणून राह्यले?"

"आता बरं वाटतंय. लालबी थांबलंय."

"थांबतं अधूनमधून. त्यानं फसू नका." पुडा तिथंच ठेवून त्या गेल्या.

मी गेलो नाही. बीटाच्या वेळी नुसता मूर्ख होतो, आता भ्यालेला मूर्ख झालो. पहिल्या सुईत काही निघालं नव्हतं, तर दुसरी कशाला घालायची? दुसरीत निघालं तर? थैली, रजा, मंडळींचं तोंड, सगळं डोळ्यांपुढं यायचं. स्कूटरचा आवाज आला की मी थप्पीमागं. एकदा घाईत तुरीच्या भुसकटात शिरलो आणि शिंकलो. बाई बाहेरून म्हणाल्या, "शिंका पुरत्या होऊ द्या, मी थांबते." मी मागच्या दारानं पळालो.

मग एक दिवस स्कूटर आली नाही. म्हातारा आला. तोच पटका, तेच घोंगडं. दुकानाच्या पायरीवर बसला, काठी आडवी ठेवली. मी घाबरून पाणीसुद्धा विचारलं नाही.

"पोरगी म्हन्ली, घेऊन ये."

"बाबा, आज माल आलाय. उद्या येतो."

"बराबर हाय. मंग उद्यापत्तुर हितंच बसतो."

तो बसला. गाड्या आल्या, गेल्या. वजनं झाली. म्हाताऱ्यानं शिदोरी सोडली, खाल्ली, उरलेली बांधली. ऊन फिरलं तसा तो सावलीबरोबर सरकत राहिला. शेवटी मीच जवळ गेलो. "बाबा, जा ना घरी. कशापायी त्रास करून घेता?"

"पाव्हणं," तो म्हणाला, "आजवर एक मेंढरू मागं ठिवून घरला गेलो न्हाई. लंगडं असू द्या, न्हाई तर आडमुठं. आडमुठ्याला जरा टाईम लागतो."

हमाल हसले. मी परखी खुंटीला लावली आणि त्याच्या मागं निघालो. जिन्यापाशी आल्यावर त्यानं काठीनं भिंतीकडं खूण केली. "तिकडं जायचं न्हाई हां." म्हणजे तेही बापलेकीत बोलून झालेलं होतं.

ह्या वेळी मंडळी सोबत होती. बाईंनी मला जरा कुशीवर निजवलं. मी एक शब्द बोललो नाही, खोकलाही दातांखाली धरला. पडद्यावरच्या राखाडी ढगात एक पांढरी रेघ सरकत गेली, काठावर थांबली, जरा मागं आली, दिशा बदलून ढेकळाच्या पोटात शिरली. टक. बाईंनी तुकडा उजेडात धरून पाहिला. "आता हिकडून," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे, स्वतःशी. परत टक. खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, तेही ऐकू आलं.

निकाल सांगताना बाईंनी यंत्र बंद केलं, दिवा लावला आणि आम्हां दोघांना चहा मागवला. चहा आला म्हणजे बातमी वाईट, हे माझ्यासारख्यालाही कळतं.

"निघालं," बाई म्हणाल्या.

"किडकं?"

"हो. कॅन्सर हाय. पण ऐका. वरच्या टोकाला हाय, एका जागी हाय. सर्जनशी बोलले मी. सगळी पिशवी काढायची न्हाई. तेवढा कोपरा कापून उरलेली शिवायची. थैली लागणार न्हाई. पण जल्दी करायचं. आता थप्पीमागं जायचं न्हाई."

मंडळी मोंढ्यातल्या पाळण्यापासून माझ्याशी नीट बोलत नव्हती. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "बाई, वाचतील ना हे?"

कुणीही "हो, वाचतील" म्हटलं असतं. बाईंनी कपबशी खाली ठेवली. "आज जेवढं दिसून राह्यलंय, तेवढ्यावर हो. पुढचं मी बघत राहीन."

मंडळींना ते पुरलं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "बाई थापा मारत न्हाईत, हे बरं हाय." आणि मग रडली.

कोपरा कापला. पिशवी लहान झाली. एसटीनं औरंगाबादला निघालो तर वाटेत दोनदा गाडी थांबवायला लागायची, आणि कंडक्टर मला लांबून ओळखायला लागले. मोंढ्यात मी हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पाळणा कधी हलतोय ते विचारलं.

बाई मात्र बोलल्या तशा बघत राहिल्या. ठरल्या दिवशी गेलो नाही तर त्यांचा निरोप, निरोपाला दाद दिली नाही तर त्यांचे बाबा. यंत्र फिरवायच्या, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, कुशीवर वळवून. मी विचारायचो, "न्हाई ना काही?" "मला आज दिसलं न्हाई." पहिल्यांदा त्या "आज"चा राग यायचा. मग सवय झाली. पुढं पुढं तो शब्द ऐकल्याशिवाय मला बरं वाटेना. हमालांपैकी कुणाच्या पोटात दुखलं की मी त्यांना बाईंकडं धाडू लागलो, जाताना पाण्याविषयी आणि मागच्या भिंतीविषयी सविस्तर समजावून.

नवं शतक उजाडल्यावर चारपाच वर्षांनी बाईंना हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात बोलावणं आलं. नव्या डॉक्टरांना सुईचं काम शिकवायचं होतं. बाई निघाल्या. स्टेशनवर ही गर्दी. बाळंतिणी मुलांना कडेवर घेऊन आलेल्या, वाटूरचे पाटील आलेले, आणि आमचे सगळे हमाल, कारण सामान चढवायचा मान त्यांनी कुणाला दिला नव्हता. बाबा आधीच खिडकीशी जाऊन बसले होते आणि डब्यातल्या माणसांवर नजर ठेवून होते. बाई दारात उभ्या होत्या, गळ्यात हार, हातात पाण्याची बाटली. मी पार मागं राहिलो. पुढं जायला वाट नव्हती, आणि खरं सांगायचं तर, थप्पीमागं लपणाऱ्याला तोंड नव्हतं.

गाडीनं शिट्टी दिली. बाईंची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर आली.

"भाऊ!" त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडल्या. "लघवीला रक्त दिसलं का परत?"

सगळा फलाट माझ्याकडं वळला. पाटील, बाळंतिणी, हमाल. हर्निया कुठल्या कुठं गेला. मी दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "न्हाई म्याडम! कॅन्सर कापल्यापासून एकदाबी न्हाई!"

गाडी हलली. बाई दारातून आत गेल्या नाहीत. पुढं वाकून त्या आणखी काहीतरी विचारत होत्या. ओठ हालताना दिसत होते, आवाज चाकांत जात होता. हमाल मला ढकलत म्हणत होते, "अहो, म्याडम काय इचारून राह्यल्या, सांगा की!" मला एक अक्षर कळत नव्हतं. मी गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत पळत गेलो आणि पळता पळता सगळ्याच प्रश्नांना मान हलवत राहिलो.